पिकअपचा काळा थर

७ फेब्रुवारी, मंगळवार

नापास! परीक्षा गाडीची होती, पण घरी येताना तोंड माझं उतरलेलं.

तपासणीचा साहेब तसा वाईट नाही. इंजिन ठीक, ब्रेक ठीक, दिवे ठीक म्हणाला. मग पिकअपच्या हौद्यात चढला आणि खिशातून लहानशी हातोडी काढली. केबिनच्या बाजूला ठोकलं — टण्. मागे ठोकलं — भद्. जरा सरकून परत ठोकलं. परत भद्. "बाई, हा काळा थर कधी मारलाय?" म्हटलं, नऊ वर्षं झाली. "आत काय आहे ते बघितलंय कधी?" आत बघायचं असतं तर वर थर मारला कशाला असता! पण ओठावर आलेलं गिळलं. सही त्याची हवी होती.

निकाल असा — हौद्यातला आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंचा थर पूर्ण काढायचा. सडका पत्रा असेल तो बदलायचा. मग गाडी दाखवायला आणायची. "वरून पुन्हा काळं फासून आणलंत तर मी वाकूनही बघणार नाही." मुदत सत्तावीस तारखेपर्यंत.

नर्सरीच्या मालकीणबाईंना फोन केला. त्यांच्या कुंड्या आणि रोपं मीच पोचवते, पहिल्या दिवसापासून. "सत्तावीसपर्यंत कसंबसं थांबते. पुढे मला दुसरी गाडी लावावी लागेल. राग मानू नकोस." राग कसला? रोपं काही माझ्यासाठी वाढायची थांबत नाहीत. पण हे काम गेलं की माझ्याकडे दुसरं नाही, हेही खरं.

दादांना जेवताना सांगितलं. दादा म्हणजे सासरे, आमच्याकडे त्यांना लहानथोर सगळे दादाच म्हणतात. थर त्यांनीच मारलेला. चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या त्यांनी. घास हातातच राहिला. मग एवढंच म्हणाले, "काढ. आणि खालचा पत्रा कसा निघतो ते मला सांग."

८ फेब्रुवारी, बुधवार

ग्राइंडरला तारेचं चाक लावून जोरात सुरुवात केली. एका मिनिटात कळलं की हात दाखवून अवलक्षण केलं. हा थर रंग नव्हे. रबरासारखा असतो, चपलेच्या तळव्याइतका जाड, वरून दाणेदार, खरखरीत. डबीवर बेडलायनर असं काहीतरी लिहिलेलं असायचं, आम्ही आपलं काळा थर म्हणतो. चाक फिरलं तसा तो तापून वितळला, अर्धा तारांत गुंडाळला गेला आणि अर्धा उडाला — गॉगलवर, केसांत, भिंतीवर. नवरोबांनी खिडकीतून विचारलं, "निघालं का काही?" म्हटलं, हो, माझा जीव निघाला.

दादा अंगणातल्या बाकावर बसून ऐकत होते. दिसत नाही त्यांना. चार वर्षं झाली, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलंत. हा आजार इतका हळू येतो म्हणे, की माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही.

"चाक बंद कर," दादा म्हणाले. "चोपडतेयस तू. काढत नाहीयेस."

९ फेब्रुवारी, गुरुवार

हार्डवेअरवाल्याने दिलेलं रिमूव्हर फासलं, वर प्लास्टिक अंथरलं, तीन तास वाट बघितली. थर ढिम्म. हातमोज्याला मात्र भोक पडलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

हीट गन आणली. आता जमतंय! एका हातात गन, दुसऱ्या हातात खरवडायची पत्ती. थर तापला की मऊ होतो, तेवढ्यात पत्ती आडवी घालून ढकलायची. जास्त तापवलं तर पत्रा वाकतो, कमी तापवलं तर पत्ती नुसती घसरते. दादा बाकावरून नाकाने लक्ष ठेवून. "गोडसर वास आला की पत्ती घाल. जळका आला म्हणजे उशीर झाला." मी हसले. मग वास घेऊन बघितला — आणि खरंच तसंच! माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांचं नाक बरं.

पण केबिनकडचा भाग काही सुखासुखी सुटत नाही. तळहाताएवढ्या तुकड्याला पंधरा मिनिटं. खांदा गेला, मनगट गेलं, नाकी नऊ आले. शिव्या घालता घालता कौतुकच वाटायला लागलं. म्हाताऱ्याने असं घासून, असं प्रायमर मारून काम केलंय, की थर पत्र्याला सोडायला तयार नाही. आणि खालचा पत्रा? आज आणल्यासारखा.

संध्याकाळी हात धुताना दादांनी विचारलं, "पत्रा कसा आहे?"

"ठणठणीत."

"कुठला भाग?"

"केबिनकडचा."

"हं," म्हणाले, आणि चहा मागितला.

१२ फेब्रुवारी, रविवार

नवरोबांना सुट्टी. मदतीला आले. आमचे हे छापखान्यात कामाला, कागदाशी सख्य, लोखंडाशी वैर. फोनवर बोलता बोलता गन एकाच जागी धरून ठेवली. धूर! वर मला सांगतात, गनच बिघडलेली आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यांना फरशीवर पडलेले तुकडे गोळा करायला लावलं. ते मात्र फार नीट केलं — तीन पोती भरली, तोंडं बांधून ठेवली.

हिशेब मांडला. या वेगाने थर एप्रिलमध्ये निघेल.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हौद्याच्या मधोमध पोचले आणि पत्ती अचानक सर्रकन आत गेली. गन लावायच्या आधीच! कड धरून ओढली तर थर चटईसारखा उचलला गेला. हात-दीड हात लांब, एका दमात. इतकी खूश झाले की दादांना हाक मारणार होते. तेवढ्यात तो तुकडा उलटला.

पाठीला सगळा गंज. तांबडे पापुद्रेच्या पापुद्रे त्याला चिकटून आलेले. आणि खाली पत्रा म्हणजे जाळी. बोट घातलं तर बोट आरपार. खालची फरशी दिसत होती.

कसं झालं ते कळायला फार डोकं लागत नाही. ओल्या कुंड्या, रोज पाणी. ते कुठल्यातरी चिरेतून थराखाली गेलं आणि बाहेर पडायला वाट नाही. वरून थर मात्र जशास तसा. झाकली मूठ!

पण पुढचा भाग ठणठणीत आणि मागचा असा, हे कसं? गुडघ्यावर बसून नीट बघितलं. पुढच्या भागात पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे आहेत, आधी आडवे, मग उभे. दादांची पद्धत, झोपेतही ओळखेन. ते ओरखडे हौद्याच्या मध्यावर एका रेषेपाशी थांबतात. सरळ रेषा नाही, वाकडीतिकडी, हात थांबला तिथे थांबलेली. रेषेच्या पलीकडे ना घासलेलं, ना प्रायमर. जुन्या गंजावर थेट थर!

चाळीस वर्षांचा कारागीर, आणि घरच्याच गाडीचं असं अर्धवट काम! राग आला. खूप राग आला.

संध्याकाळी नेहमीचा प्रश्न. "पत्रा कसा आहे?" मी म्हटलं, "छान आहे, दादा." इतकी चिडलेली असून खोटं बोलले. त्या माणसाचे डोळे गेले, गाडी गेली, वर्तमानपत्र गेलं. आपण कधी हलकं काम केलं नाही, एवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे उरलीय. ती मी काढून घेऊ?

१५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर चिडचिड. मागचा फळका तसाच, बाहेरून मागची बाजू तशीच. थर सालीसारखा निघतोय, वेग वाढलाय, आणि प्रत्येक सालीबरोबर पत्राही. आणि हेच दादा आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की रंगकाम म्हणजे नव्वद टक्के घासणं!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी स्वयंपाकघरात नवऱ्यापुढे सगळं ओकले. तुझ्या वडिलांनी असं केलं, तसं केलं, मागचा निम्मा भाग घासलाच नाही, त्यांच्या आळसापायी आज माझं काम जायची वेळ आलीय. तो डबा भरत होता. झाकण लावलं आणि हळूच म्हणाला, "तू तेव्हा हॉर्न वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली होतीस. आठवतंय ना?"

नव्हतं आठवत. खरंच नव्हतं. भाजी ढवळता ढवळता आठवलं.

नर्सरीचं काम नुकतंच मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली खेप. आणि दादा आपले हौद्यात बसून घासताहेत, घासताहेत. दोन दिवस झाले तरी घासताहेतच. मी केबिनमध्ये चढून बसले आणि हॉर्न दाबला. एकदा नाही, दहादा. ते म्हणाले, "अजून दोन दिवस दे." मी म्हटलं, दोन दिवस कुठून आणू? आणि मग ते वाक्य. तोंडातून गेलेलं स्वच्छ ऐकू आलं आज — "काळ्या थराखाली कोण बघायला जातंय, दादा? मारा आता!"

त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत थर मारून झाला, दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. माझ्याकडे परवाना होता, पण हात बसला नव्हता. दादा दोन महिने शेजारी बसून यायचे.

म्हणजे ती रेषा त्यांनी नाही मारली. ती माझी. मी हॉर्न वाजवला त्या क्षणी त्यांचा हात जिथे होता, तिथे ती आहे. आणि दोन दिवस मी त्यांना आळशी म्हणत फिरतेय. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून — दुसरं काय!

या नऊ वर्षांत त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. याचंच जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

कोण बघायला जातंय म्हणे. मीच गेले.

१८ फेब्रुवारी, शनिवार

थर संपला. सगळा. अकरा पोती.

वेल्डर आला. त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात, कारण त्याचं तोंड एक मिनिट बंद राहत नाही. दारातच गाठून बजावलं — दादा बाकावर आहेत, पत्र्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "बाई, माझ्याकडून गोष्ट बाहेर गेली असं कधी झालंय?" हौद्यात चढला आणि पहिलं वाक्य, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं, "हा हौदा आहे की चाळणी!"

मी घाईघाईने म्हटलं, "ते दुसऱ्या गाडीचं सांगताहेत, दादा."

"असं का," दादा म्हणाले. "कोणाची गाडी?"

मला पटकन नाव सुचेना. मौनीबाबाही नेमका तेव्हाच मौनात गेला.

मागचा अर्धा हौदा कापून नवा पत्रा बसवायचा ठरलं. बाहेरून मागच्या बाजूला दोन ठिगळं. तीन दिवस लागतील म्हणाला. ठिणग्या उडताना दादा बाकावरून उठून आत गेले. आवाज सोसत नाही म्हणाले. एरवी त्यांना असल्या आवाजाने झोप लागते.

१९ फेब्रुवारी, रविवार

वेल्डरची सुट्टी. दादा म्हणाले, "मला एकदा पत्र्याला हात लावू दे."

नाही कसं म्हणणार? खुर्ची लावून हौद्यात चढवलं. चौऱ्याहत्तरीत चढले, एकदाही घसरले नाहीत. मी त्यांचा हात धरला आणि नेमका केबिनकडच्या भागावर ठेवला. त्यांनी बोटं पसरली, आडवी फिरवली, मग उभी. चेहरा एकदम सैलावला. "हे माझं," म्हणाले. "ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशे वीस." नऊ वर्षांनी बोटांनी पेपरचा नंबर सांगतात! मला रडू आलं, आवाज न करता रडले. त्यांच्यासमोर रडायचं हे एक बरं आहे — आणि हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

मग हात पुढे सरकायला लागला. रेषेकडे. रेषेच्या पलीकडे कापलेला पत्रा, धार, आणि मग काहीच नाही. मी मनगट धरलं. "तिकडे नको दादा. गंजाचं औषध लावलंय, ओलं आहे."

ते थांबले. नाक वर करून वास घेतला. गंजाच्या औषधाला केवढा उग्र वास येतो, आणि तिथे तर नुसत्या लोखंडाचा वास होता. माझ्या आधी ते त्यांना कळलं असणार. तरी "बरं," म्हणाले. "उतरव मला."

उतरताना त्यांनी माझा खांदा धरला आणि जमिनीवर पाय टेकल्यावरही जरा वेळ सोडला नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज त्यांनी पत्रा कसा आहे ते विचारलं नाही. खोटं बोलण्यापेक्षा हे वाईट.

२२ फेब्रुवारी, बुधवार

नवा पत्रा बसला. सांधे घासायचं काम माझं. वेल्डर म्हणाला, "एवढं कशाला घासता, रंगाखाली कोण बघतंय?" त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन मिनिटं गप्प होता. त्याच्या आयुष्यातला विक्रम असावा.

आडवं घासलं, मग उभं. ऐंशी, मग एकशे वीस. चार तास. कोपऱ्यात पेपर पोचेना तिथे बोटाला गुंडाळून घासलं. प्रायमर एक हात, वाळल्यावर दुसरा. हॉर्न कोणी वाजवला नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

साधा राखाडी रंग. काळा थर परत नाही. पाणी आलं तर दिसेल, गंज आला तर दिसेल.

नवरोबा म्हणाले, गाडी ओळखू येत नाही. म्हटलं, मलाही.

दादांना सांगायचं ठरवलंय. गाडी पास झाली की सांगणार. नापास झाली तर आधीच मेल्याहून मेल्यासारखं होईल, त्यात हे नको. हा भित्रेपणा आहे, माहीत आहे मला. तरी तारीख ठरली हे बरं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

पास!

साहेबाने हौद्यात चढून परत हातोडी काढली. पुढे — टण्. मधे — टण्. मागे — टण्. वाकून सांधे बघितले, बोट फिरवलं. "घासलंय कोणी?" म्हटलं, मी. "शिकलात कुठे?" म्हटलं, घरीच, सासऱ्यांकडे. "चांगला हात आहे," म्हणाला आणि सही केली.

मालकीणबाईंना लगेच फोन केला. परवापासून खेपा सुरू. दादांनी बातमी ऐकून मान हलवली, "छान झालं," म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले. मी दारात उभी. उद्या नक्की.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. जाळी झालेला पत्रा, ती रेषा, हॉर्न, माझं ते वाक्य. चुकले म्हटलं. माझ्या घाईपायी तुमचं काम बिघडलं म्हटलं.

दादा म्हणाले, "तुझ्या घाईने नाही गं बिघडलं. त्या रेषेच्या पलीकडे मला गंज दिसतच नव्हता. धुकं यायचं. दोन दिवस हाताने चाचपडत बसलो होतो. तू हॉर्न वाजवलास आणि मी सुटलो."

"म्हणजे तेव्हापासूनच? मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्याने गाडी विकली असती. तुझा हात बसायचा होता अजून."

ते दोन महिने शेजारी बसून म्हणायचे, समोर जे जे दिसतं ते मोठ्याने सांगत चल. मी सांगत जायचे — सायकल, वळण, कुत्रं, लाल दिवा. आजपर्यंत मला वाटत होतं, ती शिकवायची पद्धत आहे.